जुन्या फोर बाय फोरमध्ये बदल करताना ताण कुठे जातो?

जुनी जीप किंवा जिप्सी हाताशी आली की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गाडी किती इंच उचलू? दुसरा प्रश्न, टायर केवढा बसेल? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांचा नंबर नंतरचा आहे. त्या काळच्या गाडीत एंजिनापासून टायरपर्यंत प्रत्येक भाग शेजारच्या भागाची ताकद धरून बसवलेला असतो. त्यातला एक मोठा केला की ताण पुढच्या भागावर सरकतो, आणि तो पुढचा भाग तीस-चाळीस वर्षांचा जुनाच असतो. ताण कुठून कुठे जातो हे कळलं की या छंदातली निम्मी कोडी आपोआप सुटतात. म्हणून हा लेख त्या एकाच गोष्टीभोवती लिहितोय.

कोल्हापूरच्या माणसाला या छंदाची ओढ वाटणं साहजिक आहे. पश्चिमेला आंबा घाट, गगनबावडा, राधानगरीकडचे जांभ्याचे सडे आणि तिथला पाऊस. पूर्वेला शिरोळ-हातकणंगल्याकडची काळी माती आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांनी खोल गेलेल्या उसाच्या पाणंदी. आणि मधोमध शिवाजी उद्यमनगर, जिथे ऑइल एंजिन, पंप आणि उसाच्या चरकांच्या कामावर कारागिरांच्या पिढ्या तयार झाल्या. गाडीची परीक्षा घेणारी जमीन आणि गाडी दुरुस्त करणारे हात एवढ्या जवळ फार थोड्या शहरांत सापडतील.

आपल्याकडे जुनी फोर बाय फोर म्हणजे मुख्यतः दोन घराणी. महिंद्रानं १९४७ मध्ये विलिज जीप जोडायला सुरुवात केली. त्याच वंशात पुढे सीजे ३बी, सीजे ५००, एमएम ५४०, एमएम ५५०, कमांडर, क्लासिक अशा गाड्या आल्या. एमएम ५४० मध्ये पूजोचं २११२ सीसीचं डिझेल एंजिन होतं, नंतरच्या बऱ्याच जीपमध्ये २५२३ सीसीचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल आलं. दुसरं घराणं मारुती जिप्सीचं: डिसेंबर १९८५ मध्ये ९७० सीसीची आली, १९९६ मध्ये १२९८ सीसीची किंग, २००० मध्ये तिला एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनची पद्धत) मिळालं. २०१० ची पहिली थारसुद्धा आता जुन्यातच धरायला हरकत नाही. घेताना एक खात्री आधी करा. कमांडरसारख्या कितीतरी जीप टू व्हील ड्राइव्हमध्येही विकल्या गेल्यात, त्यामुळे गाडीखाली वाकून पुढच्या ॲक्सलला डिफरन्शियलचं हाऊसिंग आहे का ते डोळ्यानं बघा.

आणि वाकलाच आहात तर हातात हलका हातोडा असू द्या. मागच्या पाट्यांचा, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचा, हँगर चासीला जिथे जोडलाय तिथे, आणि पुढच्या बंपरमागे एक-दीड फुटावर, चासीवर हळू टकटक करत जा. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो. गंज आतून खात असला की आवाज बसका होतो, आणि कधी कधी हातोड्याखालून रंगासकट पापुद्रा निघून येतो. बॉडीचा पत्रा कुणीही बदलून देईल. चासी सडलेली असेल तर त्या गाडीवरचा पुढचा प्रत्येक रुपया वाया जाणार आहे. माझं मत स्पष्ट आहे: अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

चारही चाकं फिरतात म्हणजे नेमकं काय होतं

एंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून ट्रान्स्फर केसमध्ये येते. तिथून एक प्रोपेलर शाफ्ट मागच्या ॲक्सलकडे जातो, दुसरा पुढच्या. प्रत्येक ॲक्सलच्या हाऊसिंगमध्ये डिफरन्शियल असतं, कारण वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. बैलगाडी वळवताना बाहेरचा बैल मोठी पावलं टाकतो आणि आतला जवळजवळ जागेवर वळतो. डिफरन्शियल दोन चाकांना तशीच मोकळीक देतं.

हीच मोकळीक चिखलात आड येते. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, आणि तो जोर किती असणार हे ज्या चाकाची पकड कमी ते चाक ठरवतं. एक चाक हवेत लटकलं तर त्याला फिरायला जवळजवळ काहीच जोर लागत नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच मिळतो. पाणंदीत गाडी तिरकी अडकून पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक सुटलं, तर फोर बाय फोर टाकूनही ती दोन चाकं गरगर फिरत राहतात आणि गाडी जागची हलत नाही. गाडीत काही बिघाड नसतो. यावर उपाय म्हणजे डिफरन्शियल लॉक. काही लॉक बटणानं किंवा हवेच्या दाबानं लागतात, काही आपोआप लागतात. डिफरन्शियलचे गिअर वेल्डिंग करून कायमचे जोडायची स्वस्त युक्ती काही जण सांगतात. ती निव्वळ शेतात राहणाऱ्या गाडीलाही मी सुचवणार नाही, रस्त्यावरच्या गाडीला तर नाहीच. अशी गाडी वळणावर सरळ जायला बघते आणि ॲक्सल शाफ्ट पिळत राहते.

आता पुढचा आणि मागचा ॲक्सल यांच्यातलं नातं. या जुन्या गाड्यांत फोर बाय फोर टाकलं की दोन्ही प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना कडक जोडले जातात. मध्ये तिसरं डिफरन्शियल नसतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा वळसा घेतात. चिखलात, खडीवर हा फरक चाकं थोडी घसरून भरून काढतात. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते, मग तो पीळ शाफ्टमध्ये, युनिव्हर्सल जॉइंटच्या (शाफ्टच्या वळत्या सांध्याच्या) क्रॉसमध्ये आणि ट्रान्स्फर केसच्या गिअरमध्ये साठत जातो. करूळ घाटाची कोरडी वळणं फोर बाय फोरमध्ये चढलात आणि वर गेल्यावर लिव्हर निघेना झाली, तर जोर लावू नका. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, पीळ सुटतो आणि लिव्हर सहज निघते.

लो रेंज, म्हणजे ट्रान्स्फर केसमधला हळू पण जास्त जोराचा गिअर, हा या गाड्यांचा खरा ऐवज आहे. सीजे मालिकेतल्या जीपच्या ट्रान्स्फर केसचं लो गुणोत्तर २.४६ आहे, म्हणजे त्याच एंजिनाचा चाकावरचा जोर जवळपास अडीचपट होतो आणि वेग तेवढाच कमी. उतारावर ब्रेक न दाबता गाडी पावलापावलानं उतरते. एंजिन बदलायचा विचार करणाऱ्या कितीतरी जणांना लो रेंज नीट वापरली तर त्याची गरजच उरत नाही.

टायरचा हिशेब

जिप्सी किंगला येणारा २०५/७० आर १५ टायर घ्या. रिम १५ इंच म्हणजे ३८१ मिमी, टायरची भिंत २०५ च्या ७० टक्के म्हणजे १४३.५ मिमी, वर आणि खाली मिळून २८७. एकूण उंची ६६८ मिमी. त्याजागी २३५/७५ आर १५ बसवला की उंची साधारण ७३३ मिमी होते. फरक जवळपास १० टक्के.

या १० टक्क्यांचे परिणाम चार ठिकाणी दिसतात. चाक एका फेऱ्यात १० टक्के जास्त अंतर कापतं, म्हणजे प्रत्येक गिअर तेवढा उंच झाला आणि चढावरची ओढ तेवढी कमी झाली. ब्रेकला तेच चाक थांबवायला १० टक्के जास्त जोर लागतो. काटा ६० दाखवत असताना गाडी ६६ नं धावत असते. आणि जमिनीपासूनची उंची? वाढीच्या फक्त निम्मी, साधारण ३३ मिमी, कारण ॲक्सल चाकाच्या मध्यावर असतो. ३१ इंची टायर बसवला तर फरक १८ टक्क्यांच्या आसपास जातो आणि मूळ डिफरन्शियलचे गिअर गुणोत्तर अपुरं पडायला लागतं. मग क्राऊन-पिनियन (डिफरन्शियलचे मुख्य गिअर) बदला, मग मोठ्या चाकाचा भार सोसायला बेअरिंग बघा, अशी रांग लागते.

त्यामुळे आधी फुकटातला बदल करून पाहा: टायरची हवा कमी करा. चिखलात किंवा दगडात १८-२० पीएसआयपर्यंत उतरवली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांबतो आणि पकड लगेच जाणवते. रस्त्यावर यायच्या आधी हवा पुन्हा भरायची, एवढं मात्र चुकवायचं नाही. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर ही माझ्या मते कुठल्याही लाइटबारपेक्षा आधी घ्यायची वस्तू आहे. आपल्या काळ्या मातीसाठी खोल आणि सुट्या गुट्ट्यांचा मड टायर लागतो, बारीक नक्षीत ती माती भरून बसते आणि टायर गुळगुळीत होतो. जांभ्यावर मात्र भिंत जाड असलेला ऑल टेरेन टायर चालतो, कारण तिथे धारेचे दगड टायरची बाजू कापतात.

गाडी उचलणं

इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे. पाटे उंच केले की बॉडी आणि चासी वर जाते, डिफरन्शियलचं हाऊसिंग होतं तिथेच राहतं. गाडीखालचा सर्वांत खालचा भाग तोच असतो आणि दगडाला तोच अडतो. ॲक्सलला वर नेणारी गोष्ट एकच, टायर. मग पाटे उंच करायचे ते मोठ्या टायरला जागा मिळावी आणि चाकांना वरखाली हलायला वाव मिळावा म्हणून.

उचलण्याचे मार्ग अनेक. लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं एक टोक चासीला जोडणारी हलती कडी, हा सर्वांत स्वस्त. शॅकल एक इंच लांब केला की गाडी अर्धा इंच उचलते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं. पण त्यानं पुढचा ॲक्सल थोडा कलतो आणि स्टिअरिंगचा कॅस्टर कोन, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागचा कल, बदलतो. कॅस्टर कमी झाला की वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही आणि वेगात गाडी भटकते. कधी पुढची चाकं इतकी थरथरतात की हातातलं स्टिअरिंग धरवत नाही. जीपमध्ये ॲक्सलच्या खाली असलेले पाटे ॲक्सलच्या वर बसवणं हा मोठा बदल. उंची भरपूर मिळते, पण स्टिअरिंगच्या दांड्यांचा कोन, प्रोपेलर शाफ्टचा कोन, ब्रेकच्या रबरी पाइपची लांबी, शॉक ॲब्सॉर्बरची लांबी, सगळंच नव्यानं जुळवावं लागतं. शाफ्टचा कोन जास्त झाला की क्रॉस लवकर जातात, आणि ते जाताना आधी ठराविक वेगाला गाडीखालून घरघर ऐकू येते. ब्रेकचा पाइप आखूड राहिला तर चाक पूर्ण खाली लोंबल्यावर तो ताणला जाऊन तुटू शकतो. ही जिवावरची गोष्ट आहे. काम झाल्यावर गाडी चासीवर उचलून, चाकं लोंबती ठेवून, प्रत्येक पाइपला हात लावून बघा.

पहिल्या थारच्या सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) गाडीत पुढे पाट्यांऐवजी टॉर्शन बारचं स्वतंत्र सस्पेन्शन आहे, तिला हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही.

बऱ्याच जुन्या जीपची उंची मुळात पाटे बसल्यामुळे गेलेली असते. ओळखीच्या एका मिस्त्रींकडे कुणी गाडी उचलायला आणली की ते आधी विचारतात, "गाडी उचलायचं ठीक हाय, पण हिची मूळची उंची किती होती ती मोजलीय का?" नुसते ठोकून कमान दिलेले पाटे काही महिन्यांत पुन्हा बसतात. तापवून कमान देऊन, तेलात विझवून, पुन्हा ठरावीक तापमानाला आणलेले पाटे टिकतात. नवे बुश, नवे शॉक आणि असे पाटे एवढ्यावरच कितीतरी गाड्या मूळच्या उंचीवर येतात, आणि मालकाला वाटतं लिफ्ट किट बसवलं.

थांबणं आणि पाणी

जुन्या एमएम जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. पाण्यातून निघालं की ड्रम ओले राहतात आणि पहिल्या दोन-तीन दाबांना ब्रेक लागतच नाही. पुढे डिस्क आणि सोबत बूस्टर, हा बदल मोठ्या टायरच्या आधी व्हायला हवा. क्रम उलटा करणाऱ्यांबद्दल मला खरोखर काळजी वाटते, कारण घाटात त्या गाडीसमोर दुसरंही कुणीतरी असतं.

पाण्याबाबत एक छोटा बदल फार मोलाचा आहे आणि फार थोडे लोक करतात. ॲक्सलच्या हाऊसिंगवर हवा जायला-यायला ब्रीदरची बारीक झडप असते. चालून गरम झालेलं हाऊसिंग ओढ्याच्या थंड पाण्यात बुडलं की आतली हवा एकदम आकसते आणि जी फट मिळेल तिथून पाणी ओढून घेते, झडपेतून किंवा ऑइल सीलमधून. ते पाणी तेलात मिसळतं. पावसाळ्यानंतर डिफरन्शियलचा प्लग उघडून पाहा: तेल काळपट आणि पारदर्शक असायच्या ऐवजी दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय. पुढच्या चाकांच्या नकलमध्येही (चाक जिथे वळतं त्या सांध्यात) तसंच होतं, तिथलं ग्रीस पांढरट आणि पातळ होऊन सीलमधून टायरच्या आतल्या बाजूला ओघळतं. ब्रीदरला तेल सोसणारी नळी जोडून ती बॉनेटखाली उंचावर आणून बांधली की हा त्रास बहुतांशी थांबतो. खर्च अगदी किरकोळ.

स्नॉर्केलचं काम फक्त एंजिनाला उंचावरची हवा देणं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, डिझेलमध्ये तर हमखास. स्नॉर्केल त्यापासून वाचवतो, वाहून जाण्यापासून वाचवत नाही. पावसाळ्यात आपले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पाण्याखाली जातात तेव्हा त्यांच्यावरून कुठलीच गाडी घालायची नाही, मग ती कितीही तयार केलेली असो. जिप्सीचं वजन टनाच्या आसपास आहे. वाहतं पाणी दारापर्यंत आलं की अशी गाडी तरंगायला लागते, आणि तरंगणाऱ्या टायरला पकड नसते.

ओतीव आणि घडीव

उद्यमनगरात जवळपास काहीही बनवून मिळतं, आणि म्हणूनच काय बनवून घ्यायचं नाही हे माहीत असायला हवं. शॅकलच्या पिना, गनमेटलचे बुश, स्पेसर, ब्रॅकेट, बंपर, प्रोपेलर शाफ्टची लांबी कमी-जास्त करून बॅलन्सिंग, ही सगळी कामं इथे उत्तम होतात. तुटलेला एखादा गिअर नमुना बघून पुन्हा पाडून देणारे कारागीर आहेत, आणि त्यांच्यामुळे कितीतरी गाड्या भंगारात जायच्या वाचल्या.

स्टिअरिंगचा आर्म मात्र साच्यात ओतून घेऊ नका. साधं ओतीव लोखंड दाब छान सोसतं, पण धक्का आणि पीळ बसला की न वाकता थेट मोडतं. घडीव पोलादात घडाईच्या दाबानं धातूचे तंतू भागाच्या आकाराप्रमाणे वळलेले असतात, त्यामुळे तो भाग तुटण्याआधी वाकतो आणि वाकलेला डोळ्याला दिसतो. स्टिअरिंग आर्म, नकल, टाय रॉडची टोकं, ब्रेकचे भाग हे कंपनीचे किंवा त्याच दर्जाचे घडीवच हवेत. त्यांच्यावर वेल्डिंगही नको, कारण वेल्डिंगच्या उष्णतेनं पोलादाला दिलेलं पाणी (त्याचा कणखरपणा) उतरतं. रंग मारल्यावर ओतीव आणि घडीव भाग सारखेच दिसतात, म्हणून आधीच्या मालकानं काय बसवलंय ते घासून पाहा. ओतीव भागावर साच्याच्या जोडाची बारीक रेघ असते, घडीव भागावरची रेघ रुंद आणि पट्टीसारखी.

वायरिंगबद्दल थोडक्यात: ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर ९ अँपिअरच्या वर ओढतात. तो भार जुन्या स्विचमधून नेला तर स्विच वितळतो. बॅटरीपासून फ्यूज, रिले आणि योग्य जाडीची वायर असं वेगळं सर्किट करा.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की निर्मात्यानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला मालकावर ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. समोरचे क्रॅश गार्ड केंद्राच्या २०१७ च्या सूचनेनुसार बेकायदा आहेत. एंजिन बदलण्याच्या गप्पा गॅरेजमध्ये सोप्या वाटतात. आरसी बुकावर एंजिन नंबर असतो, आणि तो न जुळणाऱ्या गाडीचा अपघात झाला तर विम्याचा दावा तिथेच अडतो. काहीही मोठं करण्याआधी आरटीओत विचारून, लेखी परवानगी घेऊनच करा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी तपासणी होऊन नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून चारचाकीचं हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं आणि त्यानंतर फार जुन्या गाड्यांसाठी आणखी वाढलं, म्हणून जुनी गाडी घेताना हा खर्चही धरा. ५० वर्षांवरची गाडी असेल, एखादी जुनी सीजे ३बी, तर वेगळा विचार करा: २०२१ च्या नियमांनी अशा गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची विंटेज नोंदणी मिळते, पण ती मूळ रूपात असेल तरच. चासी, बॉडी किंवा एंजिनात मोठे फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही, आणि विंटेज नोंदणीवर ती रोज वापरताही येत नाही. अशी गाडी हाती लागली तर तिला लिफ्ट किट लावू नका, मूळचे भाग शोधा.

गाडी तयार झाली की चालवायची कुठे हेही ठरवा. मसाई पठार किंवा दाजीपूरचं जंगल ही चाकं घालायची जागा नव्हे. पावसाळ्यात पठारावरची पातळ माती एकदा चाकोरीनं फाटली की वर्षानुवर्षं भरून येत नाही. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्याची पाणंद किंवा पडीक जमीन मिळवा, आणि अडकलेल्याला ओढायला सोबत दुसरी गाडी घ्या. ओढायचा पट्टा चासीला बोल्टनं बसवलेल्या हुकालाच लावा. बंपरला किंवा टो बॉलला लावलेला पट्टा ताणाखाली तो भाग उपटून बंदुकीच्या गोळीच्या वेगानं फेकू शकतो. पहिल्या फेरीनंतर घरी आलात की गाडी धुण्याआधी पान्हा घ्या आणि पाटे ॲक्सलला धरणारे चारही बाजूंचे यू-बोल्ट पुन्हा आवळा. नवे पाटे बसल्यावर ते हमखास सैल होतात, आणि सैल यू-बोल्टखाली मधला सेंटर बोल्ट कापला गेला की ॲक्सल जागचा सरकतो.